रोल-ऑन, तुरटी आणि ताईची गाठ

*डॉक्टर, नमस्कार. मी ४१ वर्षांची आहे. डोंबिवलीला राहते, फोर्टमध्ये बँकेत नोकरी करते. रोजचा लोकलचा प्रवास, त्यामुळे कॉलेजपासून काखेत रोल-ऑन लावायची सवय. माझ्या मोठ्या ताईला मागच्या वर्षी, वयाच्या ४६व्या वर्षी, स्तनाचा कर्करोग निघाला. गाठ वरच्या बाजूला, काखेजवळ होती. ऑपरेशन झालं, केमो झाली, आता रेडिएशन चालू आहे. तिच्या आजारपणातच घरच्या ग्रुपवर मेसेज आला की रोल-ऑनमधलं ॲल्युमिनियम घाम अडवतं, मग शरीरातलं विष बाहेर पडत नाही, ते काखेतल्या गाठींत साठतं आणि त्यातून कर्करोग होतो. ताईसुद्धा रोल-ऑन लावायची. आता ती सारखी म्हणते, 'मीच ओढवून घेतलं.' मी माझी बाटली त्याच दिवशी फेकली. मग एक व्हिडिओ बघून लिंबू आणि खायचा सोडा लावायला लागले. काही दिवसांतच काख लाल झाली, आग व्हायला लागली, आता काळी पडली आहे. सासूबाई म्हणतात, तुरटी लाव. ऑनलाइन 'ॲल्युमिनियम-मुक्त नैसर्गिक स्फटिक' मिळतो, तो घेऊ का? माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तिच्या युनिफॉर्मलाही आता वास येतो. तिला काय द्यायचं? आणि खरं सांगा, ताईला त्या रोल-ऑनमुळेच झालं का?*

*— एक बहीण*

नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे सगळे त्याच्या पोटातून आले आहेत. ताईंना रोल-ऑनमुळे कर्करोग झाला असं म्हणायला आजवरच्या संशोधनात आधार नाही. हे तुम्ही त्यांना आज रात्रीच फोन करून सांगा. रेडिएशनला रोज जाऊन येणं, थकवा, जेवणावरची वासना उडणं, एवढं सगळं चालू असताना 'मीच ओढवून घेतलं' हे ओझं त्यांच्या डोक्यावर राहू देऊ नका. माझ्या दवाखान्यात त्वचेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या कितीतरी बायका आपल्या किंवा आईच्या आजाराचं खापर अशाच एखाद्या बाटलीवर, साबणावर, नाहीतर स्वतःवर फोडत असतात. फार वाईट वाटतं ते ऐकताना.

मेसेजमधलं मुख्य विधानच चुकीचं आहे. घाम म्हणजे शरीरातलं विष बाहेर टाकायची वाट नव्हे. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घाम अंग थंड ठेवतो, त्यात पाणी आणि मीठच जास्त असतं. घामाच्या ग्रंथी त्वचेत असतात आणि त्यांची तोंडं बाहेर उघडतात. काखेतल्या ज्या 'गाठीं'बद्दल मेसेज बोलतो त्या लसिका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड. त्या त्वचेच्या खाली, चरबीत असतात आणि घामाच्या नळ्यांशी त्यांचा काही संबंध नसतो. काखेतला घाम अडला म्हणून तो वळून लसिका ग्रंथीत जात नाही, तशी वाटच नाही. कर्करोग स्तनाकडून काखेतल्या गाठींकडे पसरू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेत त्या तपासतात. मेसेज लिहिणाऱ्याने ही दिशाच उलटी करून टाकली आहे.

गाठ काखेजवळ होती, हे तुमच्या मनात विशेष रुतलेलं दिसतं. स्तनाच्या कर्करोगाच्या जवळपास निम्म्या गाठी वरच्या, काखेकडच्या भागातच निघतात. रोल-ऑन कधी हातात न धरलेल्या बायकांतही त्या तिथेच निघतात. कारण स्तनातली ग्रंथींची पेशीजालं त्या भागात सर्वांत जास्त असतात.

आता संशोधनाचं सांगते, आणि हातचं काही न राखता सांगते. २००२ साली अमेरिकेत सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ बायकांना सविस्तर प्रश्न विचारले. घाम रोखणारं काही लावता का, नुसता वास घालवणारं लावता का, काखेतले केस ब्लेडने काढता का, काढल्यावर तासाभरात लावता का. दोन्ही गटांत फरक आढळला नाही. २००४ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या कर्करोगाच्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन हे टिकाऊपणासाठी वापरलं जाणारं रसायन सापडलं आणि जगभर बातम्या झाल्या. पण ते कुठून आलं हे त्या अभ्यासात पाहिलं नव्हतं, निरोगी स्तनातला भागही तपासला नव्हता. पॅराबेन क्रीम, शांपू, औषधं, खाद्यपदार्थ अशा अनेक गोष्टींत असतं. तुमच्या मेसेजमधली भीती मात्र त्याहूनही जुनी आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ती इंग्रजी ईमेलमधून फिरत होती.

एक अभ्यास वेगळं सांगतो, तोही तुमच्यापासून लपवायचा नाही. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये २०१७ साली २०९ रुग्ण आणि २०९ निरोगी बायकांची तुलना झाली. त्यात तिशीच्या आधीपासून, दिवसातून अनेकदा असं काही लावत होतो असं सांगणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसलं. पण हे सगळं आठवणीवर होतं. आजार झालेली बाई 'आपण काय काय लावलं' हे निरोगी बाईपेक्षा कितीतरी जास्त उकरून आठवते. तुमच्या ताई आज नेमकं तेच करत आहेत. म्हणून मी त्या अभ्यासाला निकाल मानत नाही. तो विसरतही नाही. घाम रोखणारं औषध कोवळ्या वयात दिवसातून तीन-तीनदा थापू नये, असं मी सांगते त्यामागे तोही आहे.

ॲल्युमिनियम त्वचेतून आत जातं तरी किती? २००१ साली दोन व्यक्तींच्या काखेत खुणेचं, म्हणजे शरीरात वेगळं ओळखता येईल असं, ॲल्युमिनियम लावून ते लघवीत किती उतरतं हे मोजलं गेलं. लावलेल्यापैकी ०.०१२ टक्के शोषलं गेलं होतं. पुढच्या, जास्त माणसांवरच्या मोजणीत आकडा याहूनही बराच खाली आला. त्या आधारावर युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २०२० साली मत दिलं की रोल-ऑन आणि कांडीत ६.२५ टक्क्यांपर्यंत, स्प्रेत १०.६० टक्क्यांपर्यंत ॲल्युमिनियम सुरक्षित आहे. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेने २०१४ साली सावध राहायला सांगितलं होतं. नवी मोजणी आल्यावर २०२० साली तिनेही मत बदललं. ॲल्युमिनियमची एवढी धास्ती असेल, तर आधी चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार, कढी असले आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या पातेल्यात शिजवणं आणि त्यातच ठेवणं बंद करा. आपल्या शरीरात येणाऱ्या ॲल्युमिनियमचा मोठा वाटा अन्नातून येतो.

स्मृतिभ्रंशाची, म्हणजे अल्झायमरची, भीतीही याच्याच जोडीने फिरते. काखेतल्या रोल-ऑनने तो होतो असं दिसून आलेलं नाही. खरी काळजी एका गटाने घ्यायची, ती म्हणजे मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांनी. शरीरातलं ॲल्युमिनियम मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं आणि तीच थकली असतील तर ते साठू शकतं. अमेरिकेत अशा बाटल्यांवर 'मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारा' अशी सूचना छापावीच लागते. घरात असं कोणी असेल तर त्यांना ही बाटली देऊ नका.

आता तुरटी. सासूबाईंनी सांगितलेला उपाय वाईट मुळीच नाही, पण एक गोष्ट माहीत असू द्या. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट. तुम्ही ज्या ॲल्युमिनियमला घाबरून बाटली फेकलीत, ते तुरटीत आहेच. 'नैसर्गिक स्फटिक' म्हणून चकचकीत डबीत जे विकतात तेही बहुतेक वेळा तुरटीच असते. वेष्टणाच्या मागे बारीक अक्षरांत घटक वाचा. 'पोटॅशियम ॲलम' लिहिलेलं असेल तर 'ॲल्युमिनियम-मुक्त' हा शब्द तुमची दिशाभूल करतो आहे. किराणा दुकानात दहा-वीस रुपयांत मिळणारा खडा तेच काम करतो. तो पाण्यात बुडवून धुतलेल्या काखेवर हलका फिरवायचा आणि वाळू द्यायचा. त्वचा जराशी आकसते, जंतूंची वाढ मंदावते, वास कमी होतो. घाम मात्र फारसा थांबत नाही. खडा प्रत्येकाचा वेगळा असावा आणि ब्लेड फिरवल्यावर किंवा काख सोललेली असताना तो लावू नये. म्हणजे तुमच्या काखेला आत्ता तुरटीही नको.

कारण आत्ता तुमच्या काखेला उपचार हवा आहे. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि जंतूंना रोखण्यात त्या आम्लतेचा वाटा असतो. खायचा सोडा अल्कधर्मी आहे. रोज चोळला की वरचा थर कमकुवत होतो. लिंबाचा रस दुसऱ्या टोकाला, कडक आंबट. तुम्ही आलटून पालटून दोन्हीकडून त्वचेला मारलं आहे. अशा काखा मी नेहमी बघते. बोटांनी जिथवर लेप लावला तिथवरच लाली, कडा आखल्यासारख्या, मधली त्वचा चकचकीत आणि पापुद्रा सुटलेली, बाह्यांच्या शिवणीने घासलं तरी बाई कळवळते. लिंबू लावून उन्हात गेलं तर त्याचे डाग महिनोन्महिने राहतात, हेही लक्षात ठेवा.

तर दोन्ही आजपासून बंद. साध्या पाण्याने आणि सौम्य, बिनवासाच्या साबणाने दिवसातून एकदा धुवा, टॉवेलने घासू नका, टिपून घ्या. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. दोन आठवडे काखेत याखेरीज काहीच नको. ब्लेड, वॅक्स, उटणं, मुलतानी माती, काळेपणा घालवणारं क्रीम, सगळं लांब. आणि कळकळीने सांगते, औषधाच्या दुकानातून 'खाज-नायट्याचं क्रीम' मागून आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टिरॉइड असतं. काखेतली त्वचा पातळ, झाकलेली आणि दमट. तिथे ते जास्त मुरतं, त्वचा आणखी पातळ होते, पांढुरक्या रेघा उमटतात, आणि बुरशी असेल तर ती दबून नंतर दुप्पट पसरते. दोन आठवड्यांत आग थांबली नाही, तर त्वचेच्या डॉक्टरकडे जा. काळेपणा हा आगीनंतर उरलेला रंग आहे. तो जायला काही महिने लागतील, पण घासला नाही तर जातो. मानेवरही तसाच मखमली काळेपणा असेल तर मात्र रक्तातली साखर तपासून घ्या. तो बऱ्याचदा इन्सुलिनशी संबंधित असतो.

बरं, वासाचं काय करायचं? काखेतला ताजा घाम जवळजवळ बिनवासाचा असतो. तिथे नेहमीच्या घामाखेरीज आणखी एका प्रकारच्या ग्रंथी असतात. त्यांचा स्राव थोडा दाट, स्निग्ध असतो आणि त्या वयात येताना जाग्या होतात. त्वचेवरचे जंतू हा स्राव मोडतात आणि त्यातून वासाचे पदार्थ तयार होतात. त्यातले काही गंधकयुक्त असतात, म्हणून कांद्यासारखा उग्र वास येतो. म्हणजे वास घालवायला जंतू कमी करणं, ओल कमी करणं आणि कपडे नीट धुणं या तीन वाटा आहेत. घाम पूर्ण थांबवणं ही गरज नाही, तो एक पर्याय आहे.

दुकानात मिळणारे बहुतेक 'डिओ' स्प्रे सुगंध आणि अल्कोहोल एवढंच देतात, घाम रोखत नाहीत. घाम रोखणाऱ्या बाटलीवर ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट किंवा ॲल्युमिनियम झिर्कोनियम असं काही लिहिलेलं असतं. ते क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी घट्ट जेलीसारखं बूच तयार करतात आणि ते काही दिवसांत आपोआप निघून जातं. कॉलेजपासून तुम्ही कोणती बाटली वापरत होता ते मागच्या मजकुरावरून कळेल. कदाचित तिच्यात ॲल्युमिनियम नव्हतंच.

काख बरी झाल्यावर पुन्हा रोल-ऑन लावायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. लावलंत तर घाबरून लावू नका. एक युक्ती मात्र शिकून घ्या, कारण जवळपास सगळे चुकीच्या वेळी लावतात. सकाळी आंघोळ करून, घाईत, ओलसर काखेत बाटली फिरवून गाडी पकडायला धावायचं, याने फायदा कमी आणि चुणचुण जास्त. हे रात्री लावायचं. रात्री घाम कमी येतो, म्हणून क्षारांना नळीच्या तोंडाशी बसायला वेळ मिळतो. काख पूर्ण कोरडी हवी, हवं तर पंख्याखाली दोन मिनिटं हात वर धरा. एक-दोन वेळा फिरवलं की पुरे. सकाळी आंघोळ केली तरी परिणाम टिकतो. पहिला आठवडा रोज लावलंत, तर पुढे आठवड्यातून दोन-तीन रात्री भागतं. म्हणजे तुमच्या पूर्वीच्या वापरापेक्षा कमीच झालं.

नाही लावायचं, तरी तुमच्या हातात पुष्कळ आहे. सकाळी आणि घरी परतल्यावर काख साबणाने खरोखर धुवा, नुसतं पाणी ओतणं पुरत नाही. केस कात्रीने किंवा ट्रिमरने बारीक ठेवा. गुळगुळीत करायलाच हवं असं नाही, पण दाट केसांत ओल आणि जंतू टिकून राहतात. झिंक ऑक्साइड असलेलं, बिनवासाचं क्रीम किंवा रोल-ऑन वास कमी करतं आणि सहसा टोचत नाही. मुरुमांसाठी मिळणारा बेंझॉइल पेरॉक्साइडचा फेसवॉश हाही चांगला उपाय आहे. कमी तीव्रतेचा घ्यायचा, काखेत एक-दोन मिनिटं ठेवून धुवून टाकायचा, आठवड्यातून दोन-तीनदा. जंतू चांगले मरतात. फक्त त्याने रंगीत टॉवेल आणि ब्लाउज फिके पडतात, तेव्हा पुसायला पांढरा कपडा घ्या. हे सगळं काख बरी झाल्यानंतरच.

वाळा, चंदन, कडुनिंब, उटणं याबद्दल लोक मला आशेने विचारतात. वाळ्याचा वास मला स्वतःला फार आवडतो. पण तो वासावर वास आहे, दोन तास टिकतो. वापरा, हरकत नाही. सुगंधी तेलं मात्र थेट काखेत लावू नका. 'नैसर्गिक' सुगंधाचीही ॲलर्जी येते आणि काखेत येणाऱ्या पुरळाचं एक नेहमीचं कारण सुगंधच असतं.

युनिफॉर्मबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण तुमच्या मुलीची निम्मी अडचण तिथेच सुटेल असं मला वाटतं. एक पाहा. धुऊन वाळलेला, बिनवासाचा वाटणारा शर्ट इस्त्रीला घ्या आणि काखेच्या शिवणीवर इस्त्री टेकवा. गरम होताच जुना वास वर आला, तर तो धुण्यात निघालेलाच नाही. पॉलिस्टरमध्ये हे फार होतं. त्या धाग्यात स्निग्ध अंश धरून राहतात. बेल्जियममधल्या घेंटच्या संशोधकांनी २०१४ साली व्यायामानंतरचे सुती आणि पॉलिस्टरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा पॉलिस्टरच्या कपड्यांचा वास जास्त उग्र निघाला आणि त्यांच्यावर वाढणारे जंतूही वेगळे होते. शाळेचं कापड बदलणं आपल्या हातात नाही. पण शर्ट उलटा करून काखेचा भाग अर्धी बादली पाणी आणि अर्धी वाटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवता येतो. मग साबणाने चोळायचा आणि उलटाच उन्हात टाकायचा. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो. पावसाळ्यात अर्धवट ओला शर्ट इस्त्रीने वाळवून घालू नये. त्याआधी पंख्याखाली नीट वाळवा. आत सुती शमीज द्या, आणि तिच्याकडे रोजची धुतलेली असेल इतक्या शमीज ठेवा.

मुलीच्या वयात हे होणं अगदी स्वाभाविक आहे. मुलींमध्ये आठ-नऊ वर्षांनंतर काखेचा वास सुरू होऊ शकतो. आठच्या आधी झाला तर डॉक्टरांना दाखवावं. तिच्याशी बोलताना मात्र फार जपा. बाबांसमोर, भावासमोर, आजीसमोर विषय काढू नका, नाक मुरडू नका. दोघीच असताना सांगा की शरीर मोठं होतंय, पाळी येते तसंच हेही, आणि आता रोजच्या धुण्यात एक गोष्ट वाढली. तिचा स्वतःचा साबण, स्वतःचा टॉवेल. दुकानात तिला बरोबर न्या आणि सौम्य, ॲल्युमिनियम नसलेला, कमी वासाचा रोल-ऑन तिला निवडू द्या. सुरुवात एवढ्यानेच होते. पुढे घामाने शर्टावर ओली वर्तुळं पडायला लागली आणि ती हात वर करायला लाजायला लागली, तर घाम रोखणारं रात्री लावायला माझी ना नाही. बारा वर्षांच्या मुलीने वर्गात कोपर शरीराला चिकटवून बसणं हे मला त्या बाटलीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं. स्प्रे मात्र तिच्या हातात देऊ नका. बंद न्हाणीघरात तो छातीत जातो, जवळून मारला की गार वायूने त्वचा भाजते, आणि गॅस किंवा समईजवळ पेट घेतो. २०२१ साली अमेरिकेत काही स्प्रेंमध्ये बेंझीन हे कर्करोगकारक रसायन सापडल्याने ते बाजारातून परत मागवावे लागले होते. त्या वायूभरल्या डब्यांमधली ती भेसळ होती, ॲल्युमिनियमचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण रोल-ऑन मिळत असताना स्प्रे कशाला?

काही खुणा दिसल्या तर मात्र घरगुती उपाय बाजूला ठेवा. घाम अचानक फार वाढला, रात्री कपडे भिजायला लागले, सोबत वजन उतरतंय किंवा संध्याकाळी कणकण येते. छातीत धडधड होऊन घाम फुटतो. काखेतल्या केसांवर पिवळसर कण चिकटलेले दिसतात. काखमांजरी पुन्हापुन्हा येते, बरी होऊन व्रण सोडते. यातलं काहीही असलं तर डॉक्टरकडे जा. काखमांजरी वारंवार येणाऱ्या कितीतरी बायका लाजेखातर वर्षानुवर्षं हळदीचा लेप लावत बसतात आणि आतून नळ्या तयार होतात. त्या आजारावर चांगले उपचार आहेत. नुसता घामच अति येत असेल, हातातले कागद ओले होत असतील, त्यावरही जास्त ताकदीची औषधं आहेत, काखेसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत.

ताईंसाठी दोन गोष्टी. रेडिएशन चालू आहे तोवर त्या काखेत काय लावायचं, हे तिथल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, माझ्या किंवा कोणाच्या लेखावरून नको. आणि काखेतल्या गाठी काढल्या असतील तर तिथली त्वचा बधीर असू शकते. ब्लेडने कापलं तरी कळत नाही, आणि त्या हाताला जंतुसंसर्ग झाला तर सूज येण्याचा धोका असतो. केस काढायचेच तर विजेवरचा ट्रिमर वापरा.

राहता राहिलात तुम्ही. मी त्वचेची डॉक्टर आहे, तरी हे मला सांगावंच लागेल, कारण तुमच्या पत्रात बाटली फेकल्याचं आहे, तपासणी केल्याचं कुठेच नाही. सख्ख्या बहिणीला ४६व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला, ही तुमच्या बाबतीतली खरी जोखीम आहे. वाढतं वय, घरातला इतिहास, काही जनुकीय बदल, लवकर आलेली पाळी, उशिरा गेलेली पाळी, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, मद्य, ही या आजाराची माहीत असलेली कारणं. यातलं बरंचसं कोणाच्या हातात नसतं, हेही ताईंना सांगा. पन्नाशीच्या आत आजार झाल्यामुळे ताईंच्या डॉक्टरांना बीआरसीए जनुकांच्या (ज्यांतल्या बदलांमुळे स्तनाच्या कर्करोगाची जोखीम वाढते त्या) तपासणीबद्दल विचारा. ती आधी ताईंची करायची. त्यात बदल सापडला तरच तुमची, आणि पुढे योग्य वयात मुलीची वेळ येईल. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये यासाठी समुपदेशनाची सोय आहे.

त्याच टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक बायकांवर एक मोठी चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तनांची तपासणी करत. २०२१ साली निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात आजार लवकरच्या टप्प्यावर सापडत होता आणि पन्नाशीपुढच्या बायकांत या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले होते. ना महागडं यंत्र, ना औषध. म्हणून वर्षातून एकदा डॉक्टरांकडून हाताने तपासणी आणि तुमच्या घरचा इतिहास पाहता त्यांच्या सल्ल्याने मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, हे या महिन्यातच उरका. पाळी अजून येत असेल तर ती संपल्यानंतरच्या आठवड्यात मॅमोग्राफीची वेळ घ्या, तेव्हा स्तन कमी दुखतात. आणि त्या दिवशी काखेत आणि छातीवर काहीही लावून जाऊ नका, ना रोल-ऑन, ना तुरटी, ना पावडर. ॲल्युमिनियमसारख्या क्षारांचे कण चित्रात चुन्याच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसतात आणि विनाकारण दुसऱ्यांदा बोलावणं येतं. सकाळी फक्त साबणाने धुवा, सैल सुती ब्लाउज घाला, ताईंच्या तपासण्यांचे कागद बरोबर घ्या.